सही तुमची, टार्गेट कंपनीचं

पत्र, थोडक्यात:

"मी एमडी मेडिसिन आहे. शिक्षण संपवून इंदूरला परत आले आणि आठ महिन्यांपूर्वी एका मोठ्या साखळी रुग्णालयात रुजू झाले. पहिलं वर्ष एमजी (मिनिमम गॅरंटी) आहे, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम. त्यानंतर माझ्या 'रेव्हेन्यू'वर पैसे. दर महिन्याच्या 5 तारखेला मीटिंग असते. मागच्या वेळी माझ्यापुढे कागद ठेवला: ओपीडी 412, भरती 19, कन्व्हर्जन, म्हणजे ओपीडीतून भरतीचं प्रमाण, 4.6 टक्के, अपेक्षित 8. खाली 'फार्मसी लीकेज'चा, म्हणजे औषधं बाहेरून घेणाऱ्या रुग्णांचा, आकडा लाल रंगात. कारण नसताना कुणाला भरती करा, असं कुणीही म्हटलं नाही. 'डॉक्टर, जरा कॉन्फिडन्स वाढवा,' एवढंच. तेव्हापासून छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की मला तो कागद आठवतो. बाबांनी आयुष्यभर रामबागेत दवाखाना चालवला, ते म्हणतात सोड ती नोकरी. आई म्हणते, घराचा हप्ता कोण भरणार? असे आकडे मागणं कायदेशीर आहे का? मीटिंगमध्ये बोलू काय? आणि सोडायचंच झालं तर कसं?"
– एक डॉक्टर, राजेंद्रनगर, इंदूर

डॉक्टर,

आधी कपाटातून करार काढा आणि त्यात 'रिकव्हरी', 'ट्रू-अप' किंवा 'डेफिसिट' यांपैकी एखादा शब्द आहे का ते बघा. एमजी दोन प्रकारची असते. एका प्रकारात वर्षभर ठरलेली रक्कम मिळते आणि तिचा हिशेब तिथेच संपतो. दुसऱ्या प्रकारात दर महिन्याला तुमचा वाटा किती झाला ते मांडतात आणि एमजीपेक्षा तो जितका कमी पडेल तितकी तूट तुमच्या नावावर चढवत जातात. बाराव्या महिन्यानंतर ती पुढच्या कमाईतून वळती होते, नाहीतर नोकरी सोडताना मागितली जाते. दुसरा प्रकार असेल तर मीटिंगमधल्या त्या कागदामागे तुमच्या डोक्यावर वाढत चाललेलं कर्ज आहे आणि पुढचे चार महिने त्या हिशेबानेच आखायला हवेत. पहिला असेल तर तुमच्या हातात वाटतो त्याहून जास्त मोकळेपणा आहे.

करारात आणखी एक बघायचं: वाटा कशावर आहे? ओपीडीची फी, वॉर्डातल्या व्हिजिट, स्वतः केलेली प्रोसिजर, यावर वाटा असणं रास्त आहे. ते तुमचं काम आहे. पण लॅब, सीटी, एमआरआय, औषधं यांच्या बिलावर एक टक्काही तुमच्या नावाने येत असेल तर तो काढून टाकायला लावा, तेही लेखी. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आजही लागू आहेत. 2023 च्या ऑगस्टमध्ये आलेले नवे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्याच महिन्यात स्थगित ठेवले. त्या 2002 च्या नियमांतल्या 6.4 प्रमाणे रुग्ण पाठवण्याच्या किंवा मिळवून देण्याच्या बदल्यात कमिशन वा बोनस घेणं आणि देणं, दोन्ही निषिद्ध आहे. तपासणीसाठी पाठवलेल्या नमुन्यालाही तोच नियम आहे.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: भरती किती झाल्या ते मोजायला रुग्णालयाला बंदी नाही. पण त्या मोजणीला तुमचे पैसे बांधले की प्रकरण 6.4 च्या अंगणात येतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा मामला त्यावरच उभा आहे. हे नियम डॉक्टरला लागू आहेत, कंपनीला नाहीत. मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरवर तुमचं नाव आहे. युनिट हेडचं नाही, मार्केटिंगच्या माणसाचं नाही. रुग्णालय राज्याच्या 1973 च्या उपचर्यागृह कायद्याखाली सीएमएचओला (जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला) उत्तर देतं, ग्राहक आयोगापुढेही उभं राहतं; पण भरतीची गरज नव्हती असं उद्या ठरलं, तर 'अॅडव्हाइज्ड अॅडमिशन' या शब्दांखाली सही तुमची असेल. 'कॉन्फिडन्स वाढवा' या वाक्याचा मागमूस कुठल्याही फाइलमध्ये नसेल.

हे आकडे येतात कुठून, तेही माहीत असू द्या, म्हणजे समोरच्या माणसाचा राग येणार नाही आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलता येईल. 1983 मध्ये चेन्नईत अपोलो सुरू झालं तेव्हा कंपनीचं रुग्णालय ही नवलाची गोष्ट होती. 2000 पासून रुग्णालयांत शंभर टक्के परकीय गुंतवणुकीचा रस्ता मोकळा झाला, आणि आता मोठ्या साखळ्यांमध्ये गुंतवणूक फंडांचा पैसा आहे. 2023 मध्ये सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीने मणिपाल रुग्णालयांमधला बहुसंख्य हिस्सा घेतला, ब्लॅकस्टोन या अमेरिकी फंडाने केअर रुग्णालयांमधला. असा फंड सहसा काही वर्षांनी हिस्सा विकून बाहेर पडतो, आणि विकताना किंमत ठरते ती वाढीवर. ही वाढ ज्या आकड्यांत मोजतात त्यातला मुख्य म्हणजे एआरपीओबी, एका भरलेल्या खाटेमागचं दिवसाचं सरासरी उत्पन्न. तपासण्या आणि प्रोसिजर भरतीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत होतात, नंतर फक्त खोलीभाडं आणि व्हिजिट उरतात. म्हणून रुग्णाला जास्त दिवस ठेवा असं तुम्हाला कुणी म्हणणार नाही. म्हणतील ते 'जास्त भरती करा आणि लवकर सोडा' असं. आयसीयूची खाट हा आकडा सर्वांत वेगाने वर नेते. युनिट हेडलाही त्याचा कागद असतो, आणि तो कदाचित याहून लाल असतो. रुग्णालय शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचं असेल तर तिचे तिमाही निकाल उघडून वाचा. तुमच्या मीटिंगमधले निम्मे शब्द तिथे छापलेले सापडतील.

आता तो 4.6 टक्क्यांचा आकडा. तो आकडाच कच्चा आहे. 412 मध्ये बीपी-शुगरचे, थायरॉईडचे, औषध बदलून घ्यायला आलेले जुने रुग्णही धरले आहेत. तुमच्या ओपीडीत असे समजा 260 असतील (तुमचा खरा आकडा सॉफ्टवेअरमध्ये नवीन-जुने असं गाळून मिळेल), तर नवे उरतात 152. 152 पैकी 19 म्हणजे 12.5 टक्के. फिजिशियन जितका चांगला, तितके जुने रुग्ण त्याच्याकडे टिकून राहतात आणि तितकं त्याचं कन्व्हर्जन कमी दिसतं. पुढच्या मीटिंगला हा हिशेब एका पानावर न्या. त्यातच आणखी तीन रकाने घाला: दुसऱ्या विभागाकडे पाठवलेले रुग्ण, घरी सोडल्यावर 72 तासांत परत येऊन भरती करावे लागलेले, आणि विमा कंपनीने नाकारलेले दावे. मधला रकाना सर्वांत मोलाचा. तो शून्याच्या आसपास असेल तर तुमचा निर्णय बरोबर होता याचा तोच पुरावा. तो मोठा निघाला तर मात्र प्रामाणिकपणे स्वतःकडे बघा. तेव्हा कदाचित त्यांचं म्हणणं थोडं खरं असेल. फक्त एक पथ्य पाळा. या पानावर रुग्णांची नावं किंवा यूएचआयडी (रुग्णालयातला नोंदणी क्रमांक) घालू नका आणि रुग्णालयाच्या याद्या स्वतःच्या मेलवर पाठवू नका. चांगल्या हेतूने केलेली ही एवढी चूक तुम्हाला कामावरून काढायला पुरते.

नाकारलेल्या दाव्यांचा रकाना का? कारण ती भाषा व्यवस्थापनाला लगेच कळते. आरोग्य विमा पॉलिसीत एक प्रमाणित अपवाद असतो, कोड एक्सक्लुजन 04: केवळ तपासणी आणि निदानासाठी केलेली भरती. 'बघूया म्हणून एक दिवस ठेवलं' अशी केस टीपीएने (विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेने) याखाली फेटाळली की बिल रुग्णाच्या गळ्यात पडतं, आणि मग कॅश काउंटरवर जे होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. यातूनच पुढची आणि जास्त धोक्याची गोष्ट घडते. दावा पास व्हावा म्हणून रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवरून आरएमओला (वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला) फोन जातो आणि केसपेपरवर 'ताप 104, सतत उलट्या, तोंडाने काही घेत नाही' अशी ओळ चढते. ताप मुळात 100 असतो. डिस्चार्ज समरी वाचल्याशिवाय सही करू नका. ईएमआरचा (रुग्णांच्या संगणकीय नोंदींचा) पासवर्ड आरएमओला, सिस्टरला, कुणालाही देऊ नका, राउंड कितीही लांबलेला असो. खोट्या नोंदीखाली तुमचं लॉगिन असेल तर 'मी लिहिलं नाही' हे सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं. आणि कधीकधी रुग्णच म्हणतो, 'मॅडम, भरती दाखवा ना, पॉलिसी आहे.' त्यालाही हेच उत्तर.

छातीत दुखणाऱ्या माणसाकडे परत येऊ. असं धरू की वय 58, ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे, डाव्या बाजूला टोचल्यासारखं दुखतं, बोटाने दाबलं की तिथेच दुखतं. ईसीजी नॉर्मल. दुखायला लागून बराच वेळ झालाय, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) पहिल्यांदा आणि तीन तासांनी दोन्ही वेळा नॉर्मल. हार्ट स्कोअर, म्हणजे छातीत दुखणाऱ्याची जोखीम मोजायची पाच घटकांची बेरीज, मांडा: लक्षणांचं वर्णन 0, ईसीजी 0, वय 45 ते 64 म्हणून 1, जोखमीचा एक घटक म्हणून 1, ट्रोपोनिन 0. बेरीज 2. तीनपर्यंत कमी जोखीम, घरी सोडता येतं. हे पाच आकडे केसपेपरवर लिहा. त्याखाली एक ओळ: 'घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, धाप लागल्यास तत्काळ इमर्जन्सीत यावे, 48 तासांनी ओपीडी.' रुग्णाला ही ओळ त्याच्या भाषेत वाचून दाखवा. मनातला कागद गप्प करायचा हाच उपाय आम्हाला माहीत आहे: निर्णय 'मला वाटलं' वर न ठेवता पाच आकड्यांवर ठेवायचा. तो भरतीच्या बाजूने गेला तरी तुमचाच, सोडण्याच्या बाजूने गेला तरी तुमचाच. स्कोअर 5 आला तर बिनधास्त भरती करा, कन्व्हर्जन वाढतंय म्हणून संकोचू नका. दबावाखालच्या प्रामाणिक डॉक्टरकडून ही उलटी चूकही होते: मी त्यांच्यासारखी नाही, हे स्वतःला पटवण्याच्या नादात ज्याला ठेवायला हवं होतं त्याला घरी पाठवलं जातं.

पावसाळ्यानंतर डेंग्यूत हाच पेच रोज येईल. प्लेटलेट 90 हजार, रक्तस्राव नाही, पोटात जोरात दुखत नाही, उलट्या थांबलेल्या, लघवी नीट होते, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढत नाही. तर ओआरएस, पॅरासिटामॉल आणि रोज सीबीसी यावर घरी चालतं. रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवायच्या त्या साधारण 10 हजारांच्या खाली गेल्यावर. याउलट धोक्याचं एक जरी लक्षण दिसलं, तर प्लेटलेट दीड लाख असल्या तरी भरती. नातेवाईकांना फक्त प्लेटलेटचा आकडा कळतो आणि घबराट त्याचीच असते. तेव्हा त्यांना हिमॅटोक्रिट समजावून सांगण्यात गेलेली पाच मिनिटं वाया जात नाहीत. आयसीयूसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर 2023 मध्ये भरती आणि डिस्चार्जचे निकष काढले आहेत. ते छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. कंबरदुखीला पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआय नको, जोवर ताप, कर्करोगाचा इतिहास, मार, पायातली ताकद जाणं किंवा लघवी अडकणं यातलं काही नाही.

तुमच्या पत्रात नाही, पण जिथे सर्वांत जास्त पैसा गळतो ती एक जागा सांगतो: सॉफ्टवेअरमधले ऑर्डर सेट. तापाचा रुग्ण आला, 'फीवर प्रोफाइल'वर क्लिक केलं, की सीबीसी, मलेरिया, डेंग्यू, विडाल, सीआरपी, लिव्हर, किडनी, लघवी अशी आधीच टिक केलेली रांग उघडते. टिक काढायला आठ क्लिक, ठेवायला एक. गर्दीच्या ओपीडीत आठ क्लिक कोण करणार? इथे कुणी तुमच्यावर दबाव आणत नाही, ती यादीच तुमच्या जागी निर्णय घेते. आयटीला सांगून स्वतःच्या नावाचा सेट बनवून घ्या, सगळ्या टिक रिकाम्या. दुसऱ्या दिवसाच्या तापाला सीबीसी आणि गरजेप्रमाणे मलेरिया, डेंग्यू एनएस1. विडाल ही टायफॉईडची रक्तचाचणी तर काढूनच टाका. टायफॉईडची शंका असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर घ्या, आपल्याकडच्या भागात एकट्या विडालवर विश्वास ठेवण्यासारखं काही नाही. सेट बदलायला परवानगी लागते असं सांगितलं तर ती मेलवर मागा. परवानगी कोणत्या कारणाने नाकारली, ते मग लेखी राहील.

'लीकेज'चं असं की रुग्णाने औषध कुठून घ्यावं हा त्याचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत तो लिहिलेला आहे, तपासणी कुठे करायची तोही. तुम्ही औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य लिहा आणि लीकेज हा डॉक्टरच्या कामगिरीचा निकष होऊ शकत नाही, असं एकदा स्पष्ट सांगा. यावर वाद घालत बसू नका.

मीटिंगमध्ये बोलायचं कसं? तत्त्वं सांगू नका, समोरच्याला ते प्रवचन वाटतं. आपलं पान पुढे ठेवा आणि एक प्रश्न विचारा: 'या महिन्यात घरी सोडलेल्यांपैकी कोणाला भरती करायला हवं होतं, ती केस दाखवा, मेडिकल डायरेक्टरसमोर बसून बघू.' नेमकी केस समोर आली तर त्यातून शिका. नाही आली तर विषय तिथेच संपतो. चर्चा कायम क्लिनिकल माणसाबरोबर व्हायला हवी, फायनान्सबरोबर नाही, ही मागणी लावून धरा. त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल टाका: आज कन्व्हर्जन 8 टक्के अपेक्षित असल्याचं सांगितलं गेलं; भरतीचा निर्णय मी क्लिनिकल निकषांवर घेते आणि घेत राहीन; आकड्यात काही चूक वाटल्यास कळवावं. सूर साधा ठेवा, धमकी नको. असा एक मेल गेला की पुढच्या कागदावरची भाषा बऱ्याचदा बदलते. नाही बदलली, तरी तुमच्याकडे तारीख आणि मजकूर राहतो.

एक न्याय्य गोष्टही सांगायला हवी. मागितलेला प्रत्येक आकडा वाईट नसतो. हात धुण्याचं ऑडिट, पडलेले रुग्ण, सलाईनच्या जागेचा संसर्ग, हार्ट अटॅकच्या रुग्णाची रक्तवाहिनी किती मिनिटांत उघडली. हे आकडे कंपनीच्या शिस्तीमुळेच अनेक ठिकाणी मोजले जाऊ लागले, आणि चोवीस तास चालू असलेली कॅथ लॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडतात ती जागा) बाबांच्या काळात इंदूरकरांना सहज मिळत नव्हती. तिथे राहून या कामात पुढे या. क्वालिटी कमिटीत जागा मागा. ज्या डॉक्टरकडे रुग्णालयाला एनएबीएचसाठी (गुणवत्तेच्या राष्ट्रीय मान्यतेसाठी) लागणारे आकडे असतात, त्याचं बोलणं मीटिंगमध्ये वेगळ्या कानाने ऐकलं जातं.

सोडायचं झालं तर घाईने नाही. एमजी संपायला चार महिने आहेत, नोटीस बहुतेक एक ते तीन महिन्यांची असेल. 'सोडल्यावर दोन वर्षं इंदूरमध्ये प्रॅक्टिस करायची नाही' असं कलम असेल तर त्याला भिऊ नका, भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढे ते टिकत नाही. बाँडची रक्कम आणि एमजीची वसुली ही मात्र वेगळी बाब आहे, ती कलमं वकिलाला दाखवा. इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे रुग्णाने निष्काळजीपणाचा दावा केला तर उपयोगी पडणारा विमा, स्वतःच्या नावाची हवी. रुग्णालयाच्या पॉलिसीत तुम्ही आहात की नाही ते लेखी विचारा. आणि ही पॉलिसी दावा आला त्या दिवशी चालू असावी लागते, म्हणून नोकरी बदलताना एक दिवसही खंड पडू देऊ नका, नाहीतर मागच्या वर्षांचं संरक्षण हातचं जातं.

बाबांच्या दवाखान्याची जागा अजून असेल तर तो खरा पर्याय आहे. सीएमएचओकडे नोंदणी आणि जैव-वैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण मंडळाची परवानगी लागते. खाटा नसलेल्या दवाखान्याला कचऱ्याची ही परवानगी एकदाच काढावी लागते. करारात एक्सक्लुजिव्हिटी (दुसरीकडे काम करायला मनाई) नसेल तर आत्ताच आठवड्यातल्या तीन संध्याकाळी बसायला सुरुवात करा. सकाळची नोकरी हप्ता भरेल आणि सहा महिन्यांत दवाखाना किती चालतो ते कळेल. एक्सक्लुजिव्हिटी असेल तर एमजी संपताना कराराची फेरबोलणी होतील तेव्हा ती काढून मागा. ट्रस्टच्या रुग्णालयातही चौकशी करा, पण पाटीवर ट्रस्ट आहे म्हणून आत आकडे मागत नाहीत असं समजू नका. तिथेही हेच विचारायचं: वाटा कशावर, तूट कुणाची, आणि मीटिंगला समोर कोण बसतं.

पुढची 5 तारीख यायच्या आत दोनच कामं: करारातलं ते वसुलीचं कलम आणि नव्या-जुन्या रुग्णांचा हिशेब. कलमाची भाषा गोलमाल वाटली तर रुग्णालयाचं नाव झाकून ती ओळ आम्हाला जशीच्या तशी पाठवा.